टिटवीच्या माळावरचा मंडप

आमच्याकडच्या अभयारण्याची हद्द वाढली, तेव्हा तो आनंद साजरा करायला नव्या हद्दीतल्याच माळावर मंडप घातला होता. त्यासाठी रोलर फिरवून जमीन गुळगुळीत केली होती. मी पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. मंडपावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालत होती.

म्हातारे वनमजूर सखाराममामा पुढे येऊन वनखात्याच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, हितं तिची अंडी होती. काल मी रोलरवाल्याला सांगितलं होतं."

साहेब हसले. "मामा, आता सगळा माळच तिच्या नावावर केलाय. घालेल दुसरीकडे."

रांगेतले चारजणही हसले. मामा मान खाली घालून मागे गेले.

नकाशावर हिरवा रंग फासायला अक्कल लागत नाही. पायाखाली बघायला लागते, आणि ती या मंडळींकडे औषधालाही नव्हती. म्हणे जंगल वाढलं! वाढले ते फलक, हारतुरे आणि यांची फुगलेली छाती.

"पाखरांना आम्ही हक्काचं घर दिलं," साहेब माईकवर म्हणाले. टिटवीच्या कालव्यात ते नीट ऐकू येईना, म्हणून कुणीतरी कर्ण्याचा आवाज वाढवला. मग टाळ्या पडल्या. मामा सोडून सगळ्यांनी वाजवल्या.

मीही वाजवल्या.