दोन रकाने

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी आटपाडीची. आमची मेंढरं होती. घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. साताऱ्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी.ला आले आणि पहिल्याच सेमिनारात फळ्यापुढे तोंडून गेलं, "ह्ये गृहीतक खरं न्हाई." मागून शर्वरीनं तस्संच म्हणून दाखवलं, वर मेंढरासारखी ओरडली. वर्ग हसला. सरही हसले. शर्वरी कराडकडची, ऊसवाल्या बागायतदाराची लेक. दुसऱ्या दिवशी ती विसरलीही. आणि मी? मी तिच्याशी मैत्री केली.

वर्षभर वाट पाहिली. तिचा प्रकल्प महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर होता — कुठल्या शेतात खत किती, माल किती. तिच्याबरोबर मी शेतोशेत फिरले, आकडे वहीत उतरवले. कॉम्प्युटरवर भरायचं कामही मागून घेतलं. भरून झाल्यावर खताचा रकाना चढत्या क्रमानं लावला, मग मालाचा — वेगवेगळा. एका शेताचं खत भलत्याच शेताच्या मालापुढे जाऊन बसलं. आता जितकं खत जास्त तितका माल जास्त. एकही शेत चुकत नव्हतं. निष्कर्ष इतका देखणा आला, की शर्वरीनं मला मिठी मारली.

तोंडी परीक्षा साऱ्या वर्गासमोर होती. बाहेरून आलेल्या सरांनी तिचे कागद बाजूला सारले. "असे आकडे शेतात मिळत नाहीत. घरी बसून लिहिलेत."

"खरंच फिरलेय सर! वही आहे... सुनंदा, वही तुझ्याकडेच आहे ना गं?"

वही मी आदल्या दिवशी बंबात घातली होती.

"तुला परत दिली की मी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. संशयानं नाही — आपणच कुठे ठेवली, ते आठवत. किती गार वाटलं मला, काय सांगू?

ती नापास झाली. खोटे आकडे लिहिणारी म्हणून नाव झालं. शिक्षण सोडून ती घरी बसली.

आता मी सांगलीत शिकवते. गेल्या वर्षी तिचा फोन आला — पुन्हा परीक्षेला बसतेय, शिकवशील? दर रविवारी ती एसटीनं येते. माझ्या सासूबाईंना सांगते, "तेव्हा माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. ही एकटी बोलायची."

मी चहा गाळत असते. लाज वाटते का? वाटते, कधी कधी. पण ते ऐकताना मला अजूनही बरं वाटतं.