बोलावणं

आबा पुण्यातल्या त्या खाद्य-संगीत महोत्सवात सनई वाजवायला येणार, हे मला आठवडाभर आधीच ठाऊक होतं. त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. मैदानाच्या मोठ्या दरवाजात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करायचं, सोबतीला किकवीचा एक संबळवाला. त्याच दिवशी ऑफिसातल्या आम्ही चौघीही तिथं जाणार होतो. मी आबांना ते सांगितलं नाही, आणि मैत्रिणींना आबांचं सांगितलं नाही. का, तर बापाची लाज वाटली. त्याला दुसरं काही गोंडस नाव शोधत बसत नाही.

आबा शेतकरी. वेल्ह्याच्या पुढं डोंगराच्या उतारावर आमची भातखाचरं आहेत. सनई हा त्यांचा नाद. आसपासच्या गावांतल्या लग्नांत, देवाच्या कार्यात त्यांना मान असतो. आमच्याकडं वाजवणारी मंडळी शेवटच्या पंगतीला जेवतात, आणि घरच्या कर्त्या माणसानं स्वतः येऊन त्यांना पानावर बसवायचं असतं. तसं बोलावणं आल्याशिवाय आबा जागचे हलत नाहीत. कामथडीच्या एका लग्नात यजमान विसरला, तर हे तसेच उपाशी घरी आले आणि आईला पिठल्यासाठी पुन्हा चूल पेटवावी लागली. लहानपणी मला या ताठ्याचं कौतुक होतं. नोकरीला लागल्यावर त्याचा राग यायला लागला.

आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. दरवाजात आबा होतेच. आयोजकांनी दिलेला गुलाबी फेटा कपाळावर उतरलेला, आणि एक बाई त्यांच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढत होती. आत स्टेजवर गिटारवाले आवाज तपासायला लागले की सनई पार बुडून जायची. आबा थांबायचे, मग पुन्हा फुंकायचे. मी गर्दीच्या पलीकडच्या कडेनं, मान खाली घालून आत शिरले.

आत नुसती खाण्याची जत्रा. मडक्यातली बिर्याणी, काळंकुट्ट आइस्क्रीम, आणि 'अस्सल गावरान' अशा पाटीखाली पुरीएवढी भाकरी. मैत्रिणी म्हणाल्या, तू तिकडची, तूच सांग चव खरी आहे का. मी छान आहे म्हणाले. त्या दिवशी खोटं बोलणं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

दोनच्या सुमाराला पाणी आणायच्या निमित्तानं मी दरवाजाकडं गेले. संबळवाला कोपऱ्यात बसून नूडल्स खात होता. आबा उभेच होते. त्यांना शुगर आहे, सकाळची गोळी घेऊनच निघाले असणार. जेवले असतील, असं मी मनाला सांगितलं. जेवले नसतील हे मला पक्कं माहीत होतं. चार पावलांचं अंतर होतं, तरी मी बाटल्या घेऊन परत फिरले. तासाभरानं पुन्हा गेले, आणि पुन्हा तशीच परतले.

चार वाजायच्या आत सनई थांबली. संबळ थोडा वेळ एकटाच वाजला आणि तोही थांबला. हातातलं ताट टाकून मी धावले. मैत्रिणीही काय झालं म्हणून मागं आल्या.

लोकांनी आबांना दरवाजाजवळच्या प्रथमोपचाराच्या तंबूत नेऊन खाटेवर निजवलं होतं. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. डॉक्टरबाई त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजत होत्या. संबळवाला चिडून सांगत होता की जेवणाची कुपनं दोघांना सकाळीच मिळाली होती, यांनी ती खिशातून बाहेरच काढली नाहीत, दोनदा सांगूनही ऐकलं नाही. असं का केलंत, म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कागद दिला वो," आबा पुटपुटले, "पन जेवायला चला असं कुनी म्हनलं न्हाई."

तंबूत कुणीतरी हसलं. बरोबर घरचं कुणी आलंय का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या तिघींकडं पाहिलं.

"न्हाई. एकलाच आलोय."

"मी मुलगी आहे यांची," मी म्हणाले.

काहीच झालं नाही. एक मैत्रीण वरण-भात शोधायला पळाली, दुसरीनं माझ्या हातातली पर्स घेतली, तिसरीनं आबांसाठी खुर्ची आणली. ज्या गोष्टीच्या भीतीपायी मी बापाला उपाशी ठेवलं, ती गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. मला स्वतःची किळस आली.

भात आला. मी भरवायला गेले, तर आबांनी ताट स्वतःकडं ओढून घेतलं. चार घास पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते मला म्हणाले,

"सकाळी तू आत जाताना म्या बघितलं व्हतं तुला. तुजं ध्यान नव्हतं. हाक मारनार व्हतो, पन संगं मैत्रिनी व्हत्या. म्हनलं, पोरीला कशाला अवघडून टाकायचं."

मी नुसती मान हलवली. मला ते दिसलेच नव्हते, असं आबांना आजही वाटतं. मी त्यांना तीनदा पाहिलं होतं, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.