काकूंच्या खोलीतली पिल्लं

चष्मेवाल्या काकांना गल्लीत सगळे ओळखायचे, पण त्यांच्या बायकोला जरा जास्तच ओळखायचे. काका दिवसभर चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत काचा घासत बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गुपचूप जेवायचे. बोलायचं खातं काकूंकडे होतं. मागच्या अंगणात त्यांच्या कोंबड्या होत्या. "कोंबड्यांशी बोलते तेवढं यांच्याशी बोलले असते तर यांना वेड लागलं असतं," असं त्या स्वतःच सांगायच्या. आज कुठली रुसलीय, कुठली अंड्यांवर खुडूक बसलीय, कुठली नुसतीच खाते आणि अंड्याच्या नावाने बोंब, हा सगळा कारभार त्यांना तोंडपाठ होता. काका खुराड्याकडे फिरकायचेही नाहीत. पिसं नाकात जातात म्हणायचे.

एका सकाळी काकू अंगणातच कोसळल्या. लकवा. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, "बरं". दुखतंय का विचारलं तरी "बरं", पाणी हवंय का विचारलं तरी "बरं", आणि डाव्या हाताने पेला भिरकावला तेव्हाही "बरं".

त्या दवाखान्यात असताना काका रात्रंदिवस तिथेच होते. घराकडे बघायला काकूंची धाकटी बहीण आली. तिने विचार केला, आता या कोंबड्यांचं करणार कोण? ताई उठून बसायची पंचाईत. तिने ओळखीच्या एका माणसाला सगळ्या देऊन टाकल्या आणि खुराडं धुऊन स्वच्छ केलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. काकांना विचारायचं मात्र राहून गेलं.

काकूंना घरी आणलं आणि अंगणाकडच्या खिडकीजवळ पलंगावर निजवलं. त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. खुराड्याचं दार उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. उरलेला तो एक शब्दही बंद झाला. काकांनी चमचा ओठांशी नेला की त्या दात घट्ट मिटून घ्यायच्या. सूप हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं. काका ते पुसायचे आणि पुन्हा चमचा भरायचे.

डॉक्टर तपासून गेले. दाराशी चपला घालताना हळू आवाजात म्हणाले, "काका, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू का, ज्याला जगायचंच नाही त्याला नळीने किती दिवस जगवणार?"

काका त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभे राहिले. मग त्यांनी शेजारच्या इस्त्रीवालीला काकूंजवळ बसवलं, बस पकडली आणि शहराबाहेरच्या अंडी उबवायच्या केंद्रावर गेले.

"घरी खुडूक कोंबडी आहे का?" तिथल्या बाईने विचारलं.

"कोंबडीच नाही."

"मग दिव्याखाली वाढवावी लागतील. कधी वाढवलीत?"

"नाही. माझ्या बायकोने वाढवलीत."

"मग तिला विचारा," ती बाई म्हणाली आणि भोकं पाडलेला खोका त्यांच्या हातात दिला. बसमध्ये काका तो खोका मांडीवर घेऊन बसले. आतून चिवचिवाट चालला होता आणि पुढच्या सीटवरची माणसं वळून वळून बघत होती.

त्यांनी काकूंच्या पलंगाशेजारी एक मोठा पुठ्ठ्याचा खोका मांडला, तळाशी लाकडाचा भुसा अंथरला, वरून दिवा टांगला. पिल्लं आत सोडली. काकूंनी मान वळवली नाही.

काकांचं पहिल्याच दिवशी चुकलं. दिवा फार खाली होता. पिल्लं पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागली. त्यांनी घाईघाईने दिवा वर घेतला, तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून कण्हू लागली. एक पिल्लू पाण्याच्या ताटलीत बुडून मेलं. त्यानंतर त्यांनी ताटलीत खडे टाकले. काहींच्या मागे विष्ठा सुकून भोक बंद झालं होतं. ती कोमट पाण्याने भिजवून काढताना त्यांचे हात अडखळत होते. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू फिरवलेले ते हात.

रोज एखादं मरायचं. काकूंना दिसू नये म्हणून काका मेलेलं पिल्लू चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून बाहेर न्यायचे. एकदा डबी मिटताना त्यांनी वर पाहिलं तर काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. कधी मान वळवली होती कोण जाणे. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"मला येत नाही गं हे," काका म्हणाले. "मला खरंच येत नाही."

काकूंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी थंड वारं सुटलं. कुठेतरी खांब पडला आणि भरदुपारी वीज गेली. खोली बघता बघता गार पडली. पिल्लांचा आवाज बदलला, कानात सुई घातल्यासारखा झाला. काकांनी गरम पाण्याच्या बाटल्या भरून टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, पण थोड्याच वेळात गॅसचं सिलिंडर संपलं आणि बाटल्या निवल्या. त्यांनी निखारे मागायला इस्त्रीवालीकडे धाव घेतली. तिचीही इस्त्री विजेवरची. परत आले तेव्हा दोन पिल्लं आडवी पडली होती.

काका खोलीच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी काकूंची रजई उचलली आणि एकेक पिल्लू त्यांच्या पोटाशी, डाव्या कुशीत ठेवायला सुरुवात केली.

"माझ्यावर राग काढ," ते म्हणाले, "पण घरात दुसरी ऊब नाही."

काकू ताठ पडून होत्या. पिल्लं रजईखाली धडपडत होती, त्यांच्या पोटावर नखं रोवत होती. हळूहळू त्यांचा डावा हात सरकला. तळवा वाकवून त्यांनी पिल्लांवर झाकण केलं. चिवचिव उतरत उतरत थांबली. वीज येईपर्यंत त्या तशाच होत्या आणि काका पलंगाच्या कडेला बसून होते.

काकांनी गार झालेलं सूप आणलं. काकूंनी दात मिटले. काकांचा बांध फुटला.

"हे बघ," ते म्हणाले, "तू गेलीस की मी यांना एक दिवससुद्धा जगवू शकणार नाही. ही सगळी मरतील. तुला चालेल का?"

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जीभ चालत असती तर काकांची धडगत नव्हती. पण तोंड उघडलं. दोन चमचे पोटात गेले. तिसरा त्यांनी हाताने लोटला आणि खोक्याकडे बोट केलं. दिवा थोडा वर घ्यायचा होता.

त्यानंतर काका बोटाच्या इशाऱ्यावर नाचू लागले. दिवा वर, भुसा बदल, पाणी बदल. काकू पुन्हा "बरं" म्हणू लागल्या, आणि त्या एका शब्दात शिव्या किती आणि कौतुक किती हे काकांना कळायला लागलं. पिल्लं वाढली तशी खोली घाणीने आणि पिसांच्या कोंड्याने भरली. काकू खोकू लागल्या.

मेहुणी आली आणि नाकाला पदर लावून दारातच थांबली. "भाऊजी, आजारी माणसाच्या खोलीत कोंबड्या? ताईला मारायचंय का तुम्हाला?"

"त्या नव्हत्या तेव्हाच ती मरत होती," काका म्हणाले.

मेहुणीचं तोंड उतरलं. पण डॉक्टरांनीही काकूंची छाती तपासून तेच सांगितलं: हा कोंडा छातीत गेला तर संपलं, आजच्या आज बाहेर काढा. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी एक पिल्लू जवळ मागितलं, डाव्या हाताने त्याचा पंख उचलला आणि खालची उघडी कातडी दाखवली. पिसं पुरी आली नव्हती. बाहेर काढलं तर पिल्लं जाणार होती, आत ठेवलं तर बायको. काका त्या दिवशी धड जेवले नाहीत.

मेहुणी मात्र परत गेली नाही. पदर खोचून कामाला लागली. दोघांनी खोका न्हाणीघरात हलवला. पिल्लांना गारव्याची सवय व्हावी म्हणून दिवसा दिवा बंद, अंधार पडला की चालू. ऊन असेल तेव्हा पिल्लांना थोडा वेळ अंगणात सोडायचं आणि मांजर येऊ नये म्हणून काका काठी घेऊन पहारा द्यायचे. दुकानातून निरोप आला की येताय की दुसरा माणूस बघू. काका म्हणाले, बघा. पिसं भरली तेव्हा त्यांनी खुराडं ओढत ओढत काकूंच्या खिडकीखाली आणलं, बारीक जाळी मारली, खणून काही आत येऊ नये म्हणून जमिनीतही गाडली.

पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू आपणहून आत गेलं नाही. सगळी खिडकीखालच्या भिंतीला चिकटून बसली. काकांनी एकेक उचलून आत टाकलं. काकू काचेवर बोटाने टकटक करत होत्या, खुराड्याच्या कोपऱ्यांकडे दाखवत होत्या. काकांना वाटलं, कडी नीट लागली का विचारतेय. त्यांनी कडी हलवून दाखवली.

रात्री पाऊस लागला. सकाळी दार उघडलं तर एका कोपऱ्यात ढीग होता. गारठलेली पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढली होती आणि खालची गुदमरून गेली होती. वरची जिवंत होती. मेहुणीने तोंडावर हात ठेवला. काका ओल्या मातीत बसले. वर बघायचा त्यांना धीर होत नव्हता, कारण काकू खिडकीतून सगळं बघत होत्या. आता ती पुन्हा भिंतीकडे वळणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

काचेवर पेला आपटला. मग पुन्हा. काकू "बरं, बरं, बरं" करत ओरडत होत्या, खोकल्याने चेहरा लालबुंद झाला होता, आणि हात हवेत गोल फिरत होता.

"काय म्हणतेय ती?" काकांनी विचारलं.

मेहुणी खिडकीकडे बघत राहिली. "गोल," ती हळूच म्हणाली. "कोपरे गोल करा म्हणतेय. कोपरा नसला तर पिल्लं अडकणार नाहीत."

दोघांनी गवताचे भारे आणून चारही कोपऱ्यांत ठोसून बसवले. मेलेली पिल्लं काकांनी कुंपणाशी पुरली. त्या दिवशी काकूंनी चमचा येण्याआधीच तोंड उघडलं. चेहऱ्यावर राग तसाच होता.

उरलेली जगली. काही दिवसांनी तिन्हीसांजेला आपणहून आत जाऊन दांडीवर बसू लागली. नळी घालावी लागली नाही. पण काकूंचं उजवं अंग काही परतलं नाही, बोलणं परतलं नाही, आणि छातीतली घरघर कायमची राहिली. हिचा हिवाळा निघेल का, असं काकांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खांदे उडवले. तेव्हापासून काका रोज सकाळी उठल्याबरोबर आधी बायकोच्या छातीकडे बघतात, मग चहा टाकतात.

परवा इस्त्रीवालीच्या नवऱ्याने आणि त्यांनी मिळून काकूंना खुर्चीसकट अंगणात आणलं. काकांनी सहज विचारलं, "पुढच्या खेपेला आणखी पिल्लं आणायची का गं?" काकूंनी डाव्या हाताची बोटं पसरली.

"पाच?"

त्यांनी मूठ मिटली आणि पुन्हा उघडली. मग पुन्हा. मग पुन्हा. काका थकून शेजारच्या पायरीवर टेकले.

"बरं, बरं," ते म्हणाले, "आधी हे सूप संपव."