पाठीला लावलेला कान

तुमच्या लेकराचे ओठ जांभळे पडलेले तुम्ही कधी पाहिलेत? नाही ना? मग इस्त्रीवालीला 'पोरीला डोक्यावर चढवून ठेवलंय' म्हणायच्या आधी जिभेला जरा आवर घाला.

इस्त्रीवाली तशी तोंडाची तिखट. कॉलरला चुणी राहिली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला 'आधी कपाळावरच्या आठ्या काढून आणा, मग कॉलरचं बघू' असं सुनावणारी. पण तिच्या आठ वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, दमा होता. त्या दोन अक्षरांपुढे वाघिणीची शेळी व्हायची.

गेल्या वर्षी भिंगरीला शाळेतच धाप लागली. तिचा दम्याचा पंप ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्कच्या खिशात आणि क्लार्क बँकेत. आई धावत पोचली तेव्हा पोरगी पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी तोंड उघडत होती. वाचली. पण त्या दिवशी आईच्या मागोमाग भीती घरात शिरली, ती मुक्कामालाच.

तेव्हापासून दप्तर भरून झालं की इस्त्रीवाली लेकीच्या पाठीला कान लावायची. आत बारीक शिट्टी वाजल्यासारखी वाटली की, "आज नको गं." हळूहळू शिट्टी रोजच वाजायला लागली. भिंगरी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून बाहुलीची शाळा भरवायची, आणि आई दवाखान्यातून आजारपणाचा दाखला आणून खऱ्या शाळेत द्यायची. दाखला दिला की कोण काय बोलणार?

शाळा बोलली. चिठ्ठी आली: एक्केचाळीस दिवस गैरहजर. असंच चाललं तर नाव पटावरून कमी करावं लागेल.

इस्त्रीवालीने इस्त्री बंद केली. लेकीला घेऊन तिने दवाखाना गाठला.

"बाई, दाखला द्या. नऊ दिवसांचा."

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीची छाती तपासली. "साफ आहे की. नऊ दिवस कशाला?"

"सकाळी वाजत होती."

"कोणी ऐकलं?"

"मी. या कानांनी."

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप इस्त्रीवालीच्याच कानांत घातला. "आता ऐका."

इस्त्रीवालीने स्वतःचा श्वास रोखला. वारा आत जात होता, बाहेर येत होता. शिट्टी नव्हती.

"हे धडधडतंय ते काय?"

"काळीज आहे पोरीचं. घाबरलंय."

"कशाला?"

"तुमच्याकडे बघून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी फाइल उलटली. "यात माझ्या सहीचे अकरा दाखले आहेत. तुम्ही मागत गेलात, मी देत गेले. वर्षात शाळा किती बुडाली, हे एकदासुद्धा विचारलं नाही. चुकलं माझं."

इस्त्रीवालीचा पारा चढला. "चुकलं म्हणे! आणि परत ओठ जांभळे पडले तर तुमची सही धावत येणार का?"

"नाही येणार. म्हणून आज दाखला नाही, शाळेला पत्र देते. सकाळ-संध्याकाळचा पंप देता ना?"

"धाप लागली की देते. रोज दिला तर सवय लागेल."

"अहो, तो रोजच घ्यायचा. धाप लागूच नये म्हणून असतो तो! लागलीच तर निळा, दुसरा. तो तिच्या दप्तरात हवा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच शाळेत फोन लावला. पलीकडून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "औषधं ऑफिसातच ठेवायचा नियम आहे."

"नियमाला दमा होत नसतो, मॅडम. पंप कसा द्यायचा, कधी दवाखान्याची गाडी बोलवायची, सगळं लिहून देते. गुरुवारी येऊन शिक्षिकांना दाखवतेसुद्धा."

पलीकडे वेळापत्रकाची पानं उलटली. मग, "या."

फोन ठेवून डॉक्टरीणबाई इस्त्रीवालीला म्हणाल्या, "आणि भिंगरीची पुढची तपासणी शाळा सुटल्यावर. सकाळी आणलीत तर मी बघणार नाही."

गुरुवारी डॉक्टरीणबाई खरोखर जाऊन आल्या. सोमवारी इस्त्रीवाली शाळेच्या फाटकाशी उभी.

"आई, हात सोड ना. दुखतोय."

सुटता सुटत नव्हता. एकेक बोट उचलावं लागलं. भिंगरी आत पळाली, आणि इस्त्रीवाली समोरच्या भिंतीला टेकून मोबाइलकडे बघत राहिली. तो वाजला तेव्हा तिचा जीवच गेला. गिऱ्हाईक होतं. "शर्ट झाले का?"

"शर्ट गेले खड्ड्यात!"

मधली सुट्टी झाली. पोरांच्या गलक्यात तिला लेकीचा आवाज वेगळा काढता येईना. दोनदा ती फाटकापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि आत न जाता परतली. मग पाय ओढत कामाला गेली. भीती सोबत होतीच.

एवढं करा. पुढच्या वेळी लेकराला घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा दाखला मागू नका. शाळा किती दिवस बुडाली ते आधी सांगा, आणि तुम्हाला कशाची भीती वाटते तेही, लाज न बाळगता.