पुलावरून फेकलेली पिशवी

कुणाचा गळा दाबून झाल्यावर तुम्ही कधी हात जोडले आहेत का?

काल तसा माणूस पाहिला. त्याने पुलावर स्कूटर थांबवली, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशवीला घट्ट गाठ मारली, ती नदीत भिरकावली आणि डोळे मिटून नमस्कार केला. खाली कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढणाऱ्या बाईच्या खांद्यावर ती पिशवी आदळली.

“अहो दादा, पूजा करताय की दगडं मारताय?”

“फुलंच आहेत, मावशी. देवाची आहेत!”

“मग घरी न्या आणि भाजी करा त्यांची!”

तिने जाळं उचलून दाखवलं. अशाच पिशव्या, आणि चार मेलेले मासे. तिला बाजारात विकायला तेवढेच होते.

आपण नदीची ओटी भरतो आणि तिच्याच नाकातोंडात बोळे कोंबतो. कारखान्यांना शिव्या घालायलाच हव्यात, पण ही पिशवी आपल्या देवघरातून निघाली आहे. आत कुजणारी फुलं पाणी नासवतात, प्लास्टिक माशांचे कल्ले आवळतं. भक्तीने केलेला खून हाही खूनच.

उद्याची फुलं कुंडीतल्या मातीत पुरा. आणि पुलावर कुणी पिशवी उगारलीच, तर पुढे व्हा आणि त्याचं मनगट धरा.