उशिरा येणारा सुपरहिरो

किल्लारीच्या घरी माझी मुलगी टीव्हीवर कार्टून बघत होती. त्यातली पोरं एका सुपरहिरोचं कॉमिक वाचतात. हा हिरो नेहमी उशिराच पोचतो. घर पडून गेलेलं असतं आणि हा ढिगाऱ्यावर उभा राहून कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतो. मुलगी खदखदून हसत होती. मला त्या बावळटाचा संताप आला. यात हसण्यासारखं काय आहे?

भूकंपात आई गेली, तेव्हापासून वडील स्लॅबखाली झोपत नाहीत. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच त्यांची बाज असते. तेही दारात उभे राहून बघत होते.

"आलता की ह्यो आपल्याकडं," ते मला म्हणाले. "तुझ्या आईच्या हाका बंद झाल्यावर."