बऱ्हाणपूरची सुपारी आणि कँटनचे तीन शब्द

माझ्या धाकट्या बहिणीला, गोदाला, बऱ्हाणपूरचं स्थळ आलं. वडील गेल्यापासून ही कामं माझ्याकडेच. मुलगा पटला तर सुपारी फोडूनच ये, असं आईने हातात सुपारी देऊन बजावलं. भुसावळहून सकाळची गाडी धरली. स्टेशन गावापासून लांब आहे. टांगेवाला चार आणे मागतो, तिनांत येतो.

न्यायला मुलाचे म्हातारे काका आले होते. तरुणपणी ते एका पारशी शेठच्या पेढीवर हाँगकाँगला होते. तिथली कँटनी बोली त्यांच्या तोंडात अजून होती, पण नावं ठेवण्यापुरतीच. तुंबलेलं गटार दिसलं की ‘वूचौ’, म्हणजे घाण. आमचा टांगा ‘लाट-ताट’, म्हणजे गचाळ. तिसरा शब्द त्यांनी माझ्याकडून घोकून घेतला: ‘क्वाय-श्यू’. भूत आणि उंदीर मिळून झालेला हा शब्द लपूनछपून चाललेल्या लबाडीला लावतात.

“ध्यानात ठेव भाऊ. घरात वाईट बोललं तर भांडण होते. हे बोललं तर कोणाले समजत नाही.”

मला म्हातारा करमणुकीचा वाटला.

घर लख्ख होतं. मांडे आणि दूध जेवावं तर याच गावात. मुलगा दामोदर कापसाच्या व्यापारात, बोलायला गोड, मला आवडला. पानाचं तबक आलं, तसा मी सुपारी फोडायला अडकित्ता उचलला. मुलगा इतके दिवस बिनलग्नाचा कसा, असं मी सहज विचारलं. शोभेल अशी मिळालीच नाही, असं त्याची आई म्हणाली. कोपऱ्यातून काका जांभई देत म्हणाले, “क्वाय-श्यू.”

काकांचं चिनी सुरू झालं म्हणून सगळे हसले. मी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि पत्रिका गुरुजींना दाखवून कळवतो म्हणालो.

दारात काका हळूच म्हणाले, “खकनारले जाऊन ये. दामूचं शेत आहे तिथं.”

खकनारचा रस्ता बैलगाडीचा. खाली गादी घ्या, मी घेतली नव्हती. शेतातल्या घरातून मंगळसूत्र घातलेली एक बाई पाणी घेऊन आली. हे घर कोणाचं, असं विचारल्यावर तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही; ज्यांचं शेत त्यांचंच, म्हणाली. मग तिनेच विचारलं, “बऱ्हाणपूरहून आले का? त्यांनी काही निरोप दिला?”

मला संताप आला आणि तिची कीवही आली. निरोप नाही म्हणालो आणि तिने दिलेली केळी घेऊन निघालो.

घरी आईला अख्खी सुपारी परत दिली आणि सगळं सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. गोदाने मात्र विचारलं,

“आणि त्या बाईला सांगितलंस?”

नाही म्हणालो.

“मग तूही क्वाय-श्यूच,” गोदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बऱ्हाणपूरचं तिकीट काढलं. खकनारच्या गाडीसाठी गादी गोदानेच बांधून दिली.